पश्चिमेची भिंत

"आता बघा, कसं गप्प पडलंय पोर. मानवली म्हणायची खोली त्याला."

आत्या हे आमच्या जुन्या घरमालकीण कमलाबाईंना सांगत होत्या. हळू आवाजात, पण समाधानानं. मी न्हाणीघराच्या दाराशी धुतलेल्या लंगोटांची बादली घेऊन उभी होते, आणि ते ऐकून तिथंच थांबले. ताईचं बाळ जन्मल्यापासून रडत होतं. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर तर इतकं, की खालच्या मजल्यावरची माणसं एकदा वर येऊन चौकशी करून गेली. आदल्या दुपारपासून ते रडणं बारीक होत गेलं, आणि त्या दिवशी सकाळपासून बंद दाराआड काहीच ऐकू येत नव्हतं.

कमलाबाईंनी हातातल्या कॉफीच्या पेल्याकडे पाहिलं. "काय की," त्या म्हणाल्या. "तुमची रीत तुम्हांस ठाऊक."

मद्रासमध्ये मे महिन्याच्या सुरुवातीला कत्तरी लागते. पंचांगात तिला अग्निनक्षत्र म्हणतात, रस्त्यावर कत्तरीच. त्या दिवसांत इथली माणसं उन्हाबद्दल तक्रार करत नाहीत. घरात कुणी आजारी असल्याचं सांगावं तशा सुरात "कत्तरी सुरू झाली" एवढंच सांगतात, आणि आवाज उतरवून कामाला लागतात. मातीच्या घागरीला ओलं फडकं गुंडाळलं जातं. दहीभात लवकर कालवून ठेवला जातो. रस्त्यावर ताडगोळे सोलणारा बसतो, त्याच्याभोवती माश्या आणि पोरं.

त्या दुपारीला आता काही वर्षं झाली. यंदाही कत्तरी लागली. कॉलेज संपलं, मी आता एका शाळेत शिकवते, तिला सुटी आहे. दुपारी सगळे पंख्याखाली आडवे झाले की मी एकदा मागच्या खोलीत जाते आणि पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावते. दर वर्षी या दिवसांत लावते. चटका बसतो, मी हात काढून घेते आणि परत येऊन चटईवर पडते. नाना एक डोळा उघडून बघतात आणि मिटतात. ते माझे वडील. त्यांना कारण ठाऊक आहे आणि आम्ही त्याविषयी बोलत नाही.

भिंतीला हात लावायची सवय फार जुनी. आम्ही आधी मद्रासमध्येच समुद्राजवळ, तिरुवल्लिक्केणीत राहायचो, कमलाबाईंच्या घराच्या मागच्या भागात, भाड्यानं. नाना केंद्र सरकारच्या हिशेब कचेरीत, पुण्याहून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. कमलाबाईंचं घराणं तंजावरकडचं, किती पिढ्या इकडे गेल्या ते त्यांनाही सांगता यायचं नाही. त्यांच्या मराठीत जुने, ठेवणीतले शब्द असायचे आणि त्यांच्यामधून तमिळ हेल काढत जायची. आईला पहिल्यांदा ती भाषा कळायची नाही. नंतर आईच तसं बोलू लागली.

ते घर रस्त्यावरून पाहिलं तर एक दार आणि दोन बाजूंना दोन ओटे, एवढंच. आत शिरलं की लांबच लांब. आधी अंधारी वाट, मग एकदम उजेड, कारण मधोमध उघडा चौक. त्याला तिथं मुट्रम म्हणतात. चारी बाजूंची कौलं चौकात उतरती, त्यामुळे ऊन आत यायचं पण चौकोन करून एका जागी बसायचं, आणि तो चौकोन दिवसभर भिंतीवरून भिंतीवर सरकत जायचा. आम्ही त्याला टाळून सरकायचो. सकाळी भाजी इकडच्या बाजूला, दुपारी अभ्यास तिकडच्या. चौकापलीकडे पुन्हा अंधार, आमच्या दोन खोल्या, आणि शेवटी विहीर. भिंती हातभर जाड. त्यांच्यावरचा चुन्याचा गिलावा इतका घोटलेला की अंड्याच्या कवचासारखा लागायचा. शाळेतून आले की मी दप्तर खाली टाकून त्या भिंतीला गाल लावून उभी राहायची. एक गाल तापला की दुसरा.

"झालं का भिंतीशी बोलून?" आई विचारायची. मी माणसांशी कमी बोलते, म्हणून तसं म्हणायची.

दुपार कलली की समुद्रावरून वारा सुटायचा. तो सुटल्याचं सगळ्या गल्लीला एकदम कळायचं. ओट्यांवर माणसं येऊन बसायची, कुणीतरी "वारा आला" असं म्हणायचंच, आलेला पाहुणा घरात जाऊन कळवावा तसं. कमलाबाईंच्या घरात पुढचं दार आणि मागचं दार एका रेषेत होतं. वारा पुढून आत यायचा, चौकात जरा घोटाळायचा आणि मागच्या दारानं विहिरीवर निघून जायचा. त्या रेषेत दुपारनंतर साधी ट्रंक ठेवायला बंदी होती. मध्ये कुणी दार लोटलेलं दिसलं की कमलाबाईंचा आवाज यायचा, "वाऱ्याची वाट कोणी अडवली गे?"

मी त्याच घरात जन्मले. कार्तिकात, पावसाच्या दिवसांत. मद्रासला पाऊस तेव्हा येतो, आणि आला की ओलं, बोचरं वारं सोबत घेऊन येतो. माझ्या वेळी बाळंतपणाला आत्याच आल्या होत्या. आत्या नानांच्या थोरल्या बहीण, वाईला असतात. त्यांनी आतल्या खोलीची खिडकी बंद केली, बाजेखाली शेगडी ठेवली, ओव्याची धुरी दिली, आईच्या कानांत कापूस घातला आणि कमलाबाईंच्या वाऱ्याची वाट महिनाभर अडवून धरली. कमलाबाईंनी हे पुढं हसत सांगितलं, पण तेव्हा हसल्या नसाव्यात. मी चांगली गुटगुटीत झाले. आत्यांनी केलेल्या सगळ्या बाळंतपणांत माझं नाव पहिलं घेतलं जातं.

शाळा माझी इंग्रजी. तिथल्या मुली मोठ्या घरांतल्या. किलपॉकला एका मैत्रिणीकडे मी कधीतरी जायची. तिचं घर म्हणजे बंगला, चहूबाजूंनी रुंद व्हरांडा, छत इतकं उंच की आपला आवाज वर जाऊन परत येईस्तोवर आपण काय बोललो ते विसरावं. उन्हाळ्यात व्हरांड्याला वाळ्याचे पडदे सोडलेले असायचे आणि त्यांच्यावर दर थोड्या वेळानं पाणी मारलं जायचं. आत हिरवट अंधार आणि ओल्या मुळांचा वास. इतकं गार घर मी दुसरं पाहिलं नाही. पण तिथं मला कधी बसावंसं वाटलं नाही. तिची आई विचारायची, "तुमच्याकडे उन्हाळ्यात कसं करता?" साधाच प्रश्न. मी "ठीक असतं" एवढंच म्हणायची आणि सरबताच्या ग्लासाखाली पाण्याचं वर्तुळ उमटलंय का ते बघत राहायची. घरी इंग्रजी कुणाशी बोलायची नाही, शाळेत मराठी कुणाशी नाही, रस्त्यावर तमिळ. मला तिन्ही भाषांत गप्प बसता येतं.

एकदा नानांच्या कचेरीतली मंडळी सहलीला एन्नोरला गेली होती. तिथं खाडीच्या काठी कोळ्यांच्या झोपड्या. माडाच्या झापांचं छप्पर इतकं खाली आलेलं की आत जाताना माणसाला वाकावं लागतं. ऊन मी म्हणत होतं. एका बाईनं मला हातानंच आत बोलावलं आणि पाणी दिलं. खाली वाळू, ती गार. वर झापांतून वारा गाळून आल्यासारखा येत होता. भिंत अशी नव्हतीच. मी सवयीनं हात लावला तर झापाची पाती सरकली आणि बाहेरचा उजेड आत आला. ती बाई हसली. निघताना दिसलं, की पलीकडच्या ओळीत नुसते काळे खांब उभे होते. "गेल्या महिन्यात पेटलं," नानांच्या कचेरीतले एक गृहस्थ म्हणाले. घर गार ठेवायचं म्हटलं की त्याची किंमत कुठंतरी द्यावी लागते, हे मला तेव्हा असं शब्दांत सुचलं नव्हतं. ते काळे खांब मात्र डोळ्यांपुढून हलले नाहीत.

मग आम्हाला सरकारी वसाहतीत जागा मिळाली. शहराच्या पश्चिम अंगाला, समुद्रापासून लांब, तिसऱ्या म्हणजे सगळ्यांत वरच्या मजल्यावर. आईला आनंद झाला. नळाला पाणी, स्वतःचं न्हाणीघर, उंदीर नाहीत, मालकीण नाही. वर सिमेंटचं सपाट छत, खिडक्या लोखंडी चौकटीच्या, भिंती सडपातळ. आम्ही आलो तेव्हा हिवाळा होता, म्हणजे इथं ज्याला हिवाळा म्हणतात तो. कमलाबाई घर बघायला आल्या, सगळीकडे फिरल्या, छान म्हणाल्या. शेवटी हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मागचं दार कुठं आहे गे?" मागचं दार नव्हतं.

पहिल्या कत्तरीत ते घर काय आहे हे कळलं. सूर्य दुपारपर्यंत छतावर बसायचा आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. पंखा होता, एकच, हॉलमध्ये. तो छताची धग खाली ढकलायचा. समुद्राचा वारा पुढच्या ब्लॉकांत अडायचा आणि आमच्या गॅलरीत पोचायचा तेव्हा संध्याकाळ झालेली असायची, तोही दमलेला. नानांनी गच्चीला चुना मारला. रोज सूर्य कलला की ते आणि मी बादल्या घेऊन वर जायचो. पाणी ओतलं की गच्ची चुरचुरायची आणि तिच्यातून वाफ निघायची. अनवाणी पाय टाकता येईपर्यंत ओतत राहायचं, हे आमचं माप. आई खाली चादरी ओल्या करून दारांना लावायची. हे घर तिनं दोनच उन्हाळे पाहिलं. ती गेली ते उन्हानं नव्हे, आजार वेगळा होता. तरी शेवटी शेवटी ती मला तिरुवल्लिक्केणीच्या चौकाचं विचारायची. आता ऊन कुठल्या भिंतीवर असेल गं, म्हणायची.

आई नव्हती म्हणूनच ताईच्या पहिल्या बाळंतपणाला आत्या आल्या. ताई माझ्याहून पुष्कळ मोठी, लग्न होऊन नागपूरला गेलेली; माहेरपणाला आली ती नेमकी कत्तरीच्या तोंडावर. आत्या आगगाडीनं एवढा प्रवास करून आल्या, तर सोबत डिंक, अळीव, सुंठ, ओवा, बाळंतकाढ्याच्या पुड्या, आणि गोणपाटात बांधलेली लोखंडी शेगडी. स्टेशनवर हमालानं ती उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"आक्का, मद्रासला शेगड्या मिळतात," नाना म्हणाले.

"मिळत असतील. त्यांची धग कशी असते मला काय ठाऊक? ही घरची आहे."

"इथं धगीला काय तोटा आहे?"

"तू हिशेब बघ कचेरीतले," आत्या म्हणाल्या. नाना हसले. मीही हसले. आत्या आल्यानं घरात किती दिवसांनी कुणी मोठ्यानं बोलणारं आलं होतं.

बाळ हॉस्पिटलात झालं, सुखरूप. घरी सोडताना नर्सनं मला इंग्रजीत बजावलं, कारण मी एकटीच इंग्रजी समजणारी दिसले असेन. खोली हवेशीर ठेवा, आईला भरपूर पाणी पाजा, मुलाला जाड कपड्यांत गुंडाळू नका. मी ते आत्यांना मराठीत सांगितलं. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. पण इंग्रजीत ती आज्ञा होती. माझ्या तोंडून मराठीत येताना तिची विनंती झाली.

"त्यांचं काय जातंय," आत्या म्हणाल्या. "पोर आपलं आहे."

त्यांनी घरभर फिरून खोली निवडली. प्रत्येक दारात उभ्या राहून चेहऱ्यापुढं तळहात धरला आणि वारा कुठून येतो ते पाहिलं. हॉल बाद, कारण पंखा आणि गॅलरी. स्वयंपाकघर बाद. मागची खोली त्यांना पसंत पडली. एकच खिडकी, घट्ट बसणारं दार. या घरात जिथं सर्वांत कमी वारा तीच खोली पश्चिमेची होती. खिडकीवर गोधडी ठोकली, फटींत चिंध्या भरल्या. बाजेखाली शेगडी. ताईच्या कानांना फडकं, बाळाच्या कानांत कापूस, वर टोपडं, झबलं, दोन दुपटी. ताईला पाणी म्हणजे ओवा घालून उकळलेलं, वाटीभर, तेही मागितल्यावर. बारसं होईपर्यंत आत कुणी जायचं नाही, आत्यांशिवाय. जेवण, काढा, कोरडे लंगोट मी उंबऱ्यावर ठेवायची.

आत्यांना दुष्ट म्हणून हे सोपं करता येत नाही. त्यांचं स्वतःचं पहिलं मूल नदीकाठच्या घरात, माघात, आठवड्याच्या आत गेलं होतं. "रात्री खिडकीची कडी निघाली," एवढंच त्या सांगायच्या. "सकाळी बघते तर गार." त्यांच्या माहेरी बाळंतिणीची खोली घराच्या पोटात होती, मातीच्या भिंती दोन हात जाड, वैशाखातही तिथं पांघरूण लागायचं. त्या खोलीत शेगडी शोभायची. आत्यांनी पाहिलेली सगळी घरं तशीच. उन्हापासून माणसाला लपवणारी. भिंत ऊन आत आणू शकते हे त्यांना कोण सांगणार? त्या स्वतः खोलीत दाराशी बसायच्या, भिंतीपासून लांब, घामानं लुगडं पाठीला चिकटलेलं, पंख्याखाली क्षणभर यायला तयार नाहीत. बाळाला जे सोसायचं ते त्याही सोसत होत्या. म्हणून त्यांना बोलणं आणखी अवघड.

नानांनी एकदा प्रयत्न केला. दाराबाहेरूनच. "आक्का, जरा खिडकी किलकिली केली तर?"

"तू यात पडू नकोस. हिची आई असती तर मी आले असते का? माझ्या भरवशावर सोडलंयस ना?"

"सोडलंय."

"मग?"

नाना बादली घेऊन गच्चीवर गेले. त्या दिवसांत ते रजेवर होते आणि दुपारीच वर जायला लागले होते, उन्हातच. ओतलेलं पाणी उतारानं पन्हाळीपर्यंत पोचायच्या आधी उडून जायचं. खाली आले की त्यांचं तोंड लाल झालेलं असायचं आणि ते कुणाकडे बघायचे नाहीत.

ताईचा आवाज दारातून यायचा. आधी गप्पा मारायची, "सुमे, कैरी आणलीस का गं? नुसता वास तरी दे." मग नुसतं, "सुमे, पाणी." मग आत्यांचा आवाज, "आत्ता दिलं ना बाळा. जास्त पाण्यानं पोट सुटतं." मग तोही संवाद थांबला.

मी बघत होते. बघणं मला येतं. माझ्याकडे मुख्य काम एकच होतं, आत्यांनी धुतलेले लंगोट गॅलरीत दोरीवर घालायचे आणि काढून आणायचे. मद्रासच्या उन्हात शेवटचा लंगोट घालेपर्यंत पहिला वाळलेला असतो. पहिले दिवस दोरी पुरायची नाही, मी कठड्यावरही घालायची, खालच्या मजल्यावरची बाई वर बघून हसायची. मग दोरीवर जागा उरायला लागली. आदल्या दिवशी निम्मी दोरी मोकळी होती. ज्या दुपारी कमलाबाई बाळाला बघायला आल्या आणि दारातूनच बघून हॉलमध्ये बसल्या, त्या दुपारी माझ्या बादलीच्या तळाशी दोनचार चिंध्या पडल्यासारखे लंगोट होते. सकाळपासूनचे. तरी मी त्या वाक्यापर्यंत त्यांच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. "आता बघा, कसं गप्प पडलंय पोर," आत्या म्हणाल्या, आणि मी बादलीत पाहिलं.

बाळाच्या अंगात पाणीच राहिलं नव्हतं.

कमलाबाई उठल्या. जाताना माझ्याजवळून गेल्या, माझ्या हनुवटीला हात लावला आणि खाली बघत म्हणाल्या, "वेय्यिल फार आहे, सुमा." वेय्यिल म्हणजे ऊन. याहून जास्त बोलण्याचा हक्क पाहुण्या बाईला नव्हता, आणि त्यांचे डोळे भरलेले मला दिसले. दार लागलं. नाना वर गच्चीवर होते. डोक्यावर बादलीचा आवाज ऐकू येत होता. पाण्याचा आवाज, मग चुरचुर, मग काही नाही.

मी बादली खाली ठेवली. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी उंबऱ्यापर्यंत रोज जायची, तशी गेले, आणि उंबऱ्यावर थांबले. आत्या माझ्यामागून आल्या. "काय हवंय गं?" मी उंबरा ओलांडला.

आत गेल्यावर पहिल्यांदा काही दिसलं नाही. ओव्याचा धूर डोळ्यांत गेला. हवा अंगावर येत होती, घोंगडी टाकल्यासारखी. मग ताई दिसली. तिचे ओठ पांढरे होते आणि केस कपाळाला चिकटलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण ओळखायला वेळ लावला. तिच्या कुशीत ते गाठोडं. मी टोपडं मागे सारलं. टाळू आत गेली होती, अंगठा मावेल एवढी. तोंड उघडं, जीभ कोरडी. मी गालाला बोट लावलं तर त्यानं मान वळवली नाही. श्वास चालू होता, उथळ आणि घाईचा.

"सुमे, बाहेर हो," आत्या दारातून म्हणाल्या. रागानं नाही, भ्यायल्यासारख्या. "उघडं करू नकोस त्याचं डोकं. वारा लागेल."

मी बाजेला धरून उभी होते. तोल सावरायला दुसरा हात मागं टाकला तो भिंतीला लागला, आणि तव्याला लागावा तसा मागं आला.

"तुझ्या वेळी हेच सगळं केलं होतं मी," आत्या म्हणाल्या. "हीच शेगडी. तुझ्या आईला विचारलं असतंस. तुला काही झालं का? सांग ना. झालं का काही?"

मला काही झालं नव्हतं. मी त्यांच्यापुढं धडधाकट उभी होते, त्यांच्या रीतीचा पुरावा म्हणून. आणि ताई बघत होती, आता ओळखून बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत मला दिसलं की तिला माझ्याकडून काही अपेक्षा नाही. सुमी बोलत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढं काय झालं ते आता घरात गोष्टीसारखं सांगितलं जातं. शेगडी न्हाणीघरात गेली, ताईची बाज हॉलमध्ये गॅलरीच्या दाराशी आली. लेडी डॉक्टरला नाना सायकलवर बसून आणायला गेले आणि तिच्या मोटारीच्या मागून धापा टाकत परत आले. चमच्याचमच्यानं पाणी, ओली फडकी, ताईला घागरीतलं पाणी, तिनं ते गटागट पिताना काढलेला आवाज. संध्याकाळी समुद्राचा वारा कसाबसा आमच्या गॅलरीत पोचला तेव्हा बाळानं आधी कुरकुर केली, मग असा गळा काढला की खालची माणसं पुन्हा वर आली. आत्यांनी कुणी न सांगता त्याच्या कानांतला कापूस काढला. "टाळूवर एवढं तेल तरी घालू दे," त्या मला म्हणाल्या. मला विचारून. मी हो म्हटलं. ते पोर आता दर मे महिन्यात नागपूरहून येतं, गच्चीवर पाणी ओतायला नानांच्या आधी पळतं, आणि वाईहून आत्याही येतात. शेगडी आणत नाहीत. पंख्याखाली बसतात, आणि वारा आला की सगळ्यांच्या आधी त्याच "आला गं" म्हणतात.

पण त्या दुपारी यातलं काही झालेलं नव्हतं. वर नानांनी आणखी एक बादली ओतली होती. आत्या उंबऱ्यात उभ्या होत्या, हात पुढं करून, बाळाचं डोकं झाकायला निघालेल्या. मला नर्सचं इंग्रजी आठवत होतं, ते उपयोगाचं नव्हतं. आईचं आठवत होतं, झालं का भिंतीशी बोलून. मी आत्यांचा पुढं आलेला हात मनगटाशी धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं धरलं असेल. आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, कारण तो मोठा होता, वर गच्चीवर नानांनाही ऐकू गेला म्हणतात.

मी म्हणाले, "आत्या, इकडे या. या भिंतीला हात लावून बघा."